आष्टीत टर्बो हॅचबॅक : पेट्रोल नेमकं जातं कुठे?

नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ साध्या गाडीचा मालक आकडा ठोकून देतो. पण कुणी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन घेतली असेल, टाटाची अल्ट्रोझ रेसर घेतली असेल किंवा पुण्याहून जुनी पोलो जीटी उचलून आणली असेल, तर त्याची जीभ जरा अडखळते. कंपनीच्या कागदावर वीसच्या आसपासचा आकडा, गाडीच्या पडद्यावर चौदा आणि पंपावरच्या हिशोबात बारा-तेरा. मग सर्व्हिस सेंटरला चकरा सुरू होतात. कुणी ‘पेट्रोलच भेसळीचं’ म्हणतं, कुणी ‘टर्बो असली की पिणारच’ म्हणून मोकळं होतं.

बहुतेक वेळा खोट ना गाडीत असते ना पंपात. गाडी एकच असली तरी तिच्या फेऱ्या वेगवेगळ्या असतात, आणि प्रत्येक फेरीचं ॲव्हरेज वेगळं असतं. सकाळी मुलांना शिकवणीला सोडण्याची फेरी, दुपारी कड्याच्या मार्केट यार्डात जाऊन येणं आणि रविवारी नगरला सिनेमाला जाणं, या तिन्हींची सरासरी काढली की हातात येणारा आकडा कशालाच लागू पडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जोरदार गाडी हौसेने घेतली असेल तर हौसेच्या पेट्रोलावर कात्री चालवू नका. ज्या पेट्रोलात मजाही नाही आणि अंतरही कापलं जात नाही, ते आधी शोधा. बीड जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या गावात ते बरंच निघतं.

कागदावरचा आकडा

आपल्याकडे गाड्यांच्या जाहिरातीत जो ॲव्हरेजचा आकडा असतो, तो बहुधा पुण्याच्या एआरएआयच्या नावाने ओळखला जातो. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था वेताळ टेकडीवर आहे. चाचणी रस्त्यावर होत नाही. बंद खोलीत, रुळांवर चाकं फिरवून होते. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी हळूहळू वेग घेते, थांबते, पुन्हा निघते. हे सगळं वीसेक मिनिटांत आटोपतं. या चक्रातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी तीसच्या आसपास. खोलीचं तापमान आल्हाददायक, एसी बंद, मागच्या सीटवर पाहुणे नाहीत, डिकीत कांद्याची गोणी नाही.

ही फसवणूक नव्हे. सगळ्या गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका मिळावी म्हणून ही सोय आहे. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक. तुमच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधायला मात्र उपयोगाचा नाही. छोट्या टर्बो इंजिनांच्या बाबतीत तर कागद आणि रस्ता यांतली दरी जास्तच रुंद होते. चाचणीतला वेग इतका सौम्य असतो की टर्बोला फारसं काम पडत नाही, आणि एक लिटरचं इंजिन एक लिटरच्या इंजिनासारखंच पितं. रस्त्यावर तुम्ही ॲक्सिलरेटर खोल दाबता तेव्हा टर्बो त्याच इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, तिच्या मापाने पेट्रोलही जास्त सुटतं. पूर्ण जोर लावला तर इंजिन तापू नये म्हणून गरजेपेक्षा थोडं अधिकच पेट्रोल सोडलं जातं. एकशेवीस घोड्यांची ताकद फुकट येत नाही.

आकडे बघा. २०१३ साली आलेली पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, १०५ पीएस : कागदावर १७.२. २०२० मध्ये तिच्या जागी आलेली एक लिटरची, ११० पीएसची मॅन्युअल पोलो : १८.२४. २०१७ ची बलेनो आरएस : २१.१. २०२१ ची आय-ट्वेंटी एन लाइन, १२० पीएस : वीस आणि सव्वावीस. जून २०२४ मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसरही १२० पीएसचीच. यातल्या बऱ्याच गाड्या आपल्या मातीतल्या आहेत. पोलो चाकणची. आणि नगरहून पुण्याला जाताना रांजणगावच्या महागणपतीला हात जोडतो, तिथल्याच औद्योगिक वसाहतीत फियाटने २०१५ साली १४५ घोड्यांची अबार्थ पुंतो बांधली होती. आपल्या देशात तयार झालेल्या हॅचबॅकमध्ये तिच्याइतकी तिखट गाडी मिळणं अवघड. तिच्या मालकाला ॲव्हरेज विचारणं म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात जाऊन पैलवानाला ‘जेवतोस किती’ असं विचारण्यासारखं.

प्रत्यक्षात ११० ते १२० पीएसच्या टर्बो हॅचबॅककडून गावात दहा ते तेरा आणि मोकळ्या रस्त्यावर शांतपणे चालवल्यास सोळा ते एकोणीस एवढी अपेक्षा धरावी. याच्या आत असाल तर गाडी निरोगी आहे. पुढचं सगळं तुमच्या पायात आणि फेऱ्यांत आहे.

आधी नीट मोजा

गाडीच्या पडद्यावरचा आकडा बहुधा थोडा आशावादी असतो. आज आणि उद्याची तुलना करायला तो चालतो, हिशोबाला नाही. हिशोबासाठी जुनीच रीत बरी : टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान अर्ध्याहून जास्त टाकी वापरा, पुन्हा त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशिनवर फुल्ल करा. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले तितक्याने किलोमीटरला भागा.

दोन्ही वेळा नळी पहिल्यांदा आपोआप ‘टक’ करून बंद पडली की थांबायचं. पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करतो’ म्हणून आणखी दोन दाब देतो. त्याला नको म्हणा. या गाड्यांच्या टाक्या लहान आहेत, आय-ट्वेंटी आणि अल्ट्रोझ दोन्हींची ३७ लिटरची. त्यात लिटरभर इकडेतिकडे झालं तरी आकडा चांगलाच हलतो. शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या डब्यात उतरून तो खराब करतं. एका फेरीवर निकाल देऊ नका. तीन-चार टाक्यांचा मिळून जो आकडा येईल तो खरा.

मापाचीच शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. ते भरून दाखवा असं सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. ‘पहाटे थंड पेट्रोल भरलं की जास्त येतं’ हे मात्र सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही.

आता खरी युक्ती. बहुतेक गाड्यांत ट्रिप ए आणि ट्रिप बी असे दोन मीटर असतात. ए टाकीसाठी ठेवा. बी प्रत्येक वेगळ्या धाटणीच्या फेरीआधी शून्यावर आणा आणि त्या फेरीचं पडद्यावरचं ॲव्हरेज एका वहीत टिपून ठेवा. आठवडाभरात चित्र स्पष्ट होतं, आणि बहुतेकांना धक्का बसतो तो नगर रस्त्याचा आकडा बघून नाही, शिकवणीच्या फेरीचा बघून.

गावातले दोन किलोमीटर

थोडं गणित करू. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी दहाची बारावर आणली तर शंभर लिटरऐवजी ८३ लागतील. सतरा लिटर वाचले. तीच गाडी अठराची वीसवर आणली तर साडेपाच लिटर वाचतात. वाढ दोन्हीकडे दोनचीच, बचत मात्र तिप्पट. म्हणून हायवेवर अठराचे एकोणीस करण्यासाठी जीव काढण्यापेक्षा गावातल्या आठ-नऊच्या फेऱ्या सुधारणं किंवा टाळणं कितीतरी शहाणपणाचं.

थंड इंजिन पितं जास्त. तेल घट्ट असतं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, एमिशनचं यंत्र लवकर तापावं म्हणून इंजिन मुद्दाम वेगाने फिरतं. ते पुरतं तापायला काही किलोमीटर लागतात. आष्टी गाव केवढं? घरापासून बसस्थानक, बाजार, तहसील, शाळा, सगळं दीड-दोन किलोमीटरच्या आत. म्हणजे इंजिन तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो, आणि परत निघतो तेव्हा ते पुन्हा निवलेलं असतं. दिवसात अशा चार फेऱ्या झाल्या तर एकशेवीस घोडे अख्खा दिवस फक्त अंग मोडत राहतात. उपाय साधा आहे : कामं एकत्र करा, आणि भाजीला स्कूटी न्या. आठवडी बाजाराच्या दिवशी तर गाडी काढूच नये. तिथे पहिल्या गिअरमध्ये गर्दी ढकलत जाण्यात ना गाडीला सुख, ना गर्दीला.

सकाळी गाडी ‘गरम करायला’ पाच मिनिटं दारात चालू ठेवण्याची सवय जुन्या डिझेल जीपांच्या काळातली. आजच्या इंजिनाला अर्धा मिनिट पुरे. मग निघायचं आणि काटा वर येईपर्यंत सौम्य चालवायचं. इंजिन चालत्या गाडीत लवकर तापतं. उलट बाजूने, ‘टर्बो थंड व्हायला’ पोचल्यावर तीन-चार मिनिटं इंजिन चालू ठेवणारेही आहेत. लांबून जोरात पळवत आला असाल तर शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश या, तेवढ्यात टर्बो निवतो.

उभ्या गाडीत चालू इंजिन हा सगळ्यात निरर्थक खर्च. एवढ्या आकाराचं पेट्रोल इंजिन एसीसकट उभ्या जागी तासाला पाऊण ते एक लिटर पितं. शाळेबाहेर किंवा दवाखान्यासमोर दहा मिनिटं एसी लावून बसलात, की गाडी जागची न हलता दोन किलोमीटरचं पेट्रोल संपलं. मे महिन्यात बाळ मागे झोपलेलं असेल तर एसी चालूच ठेवा, तिथे हिशोब करू नये. पण मोबाइलवर रील बघत बसलेल्या तरुणाला ही सवलत नाही.

गतिरोधकाचं बिल

आष्टीहून नगरकडे निघा. कडा येतं, धानोरा येतं, पुढे चिचोंडी पाटील. प्रत्येक गावाच्या आधी, मध्ये आणि नंतर वेग मोडावाच लागतो. इथे बहुतेक जण एकच करतात : शेवटपर्यंत पळवतात, कचकन ब्रेक, धाडकन गतिरोधक, पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस. टर्बोचा तो धक्का पाठीला छान लागतो, कबूल.

त्या धक्क्याची किंमत काढता येते. माणसांसकट गाडीचं वजन १,२०० किलो धरा. ताशी ६० वरून ब्रेक लावून १० वर आलात की गाडीच्या अंगातली जवळपास सगळी गती उष्णता होऊन डिस्कमध्ये जिरते. पुन्हा ६० गाठायला इंजिनाला ती नव्याने कमवावी लागते. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी चाकापर्यंत साधारण पाव हिस्सा पोचतो. या हिशोबाने एका गतिरोधकाचं बिल २० ते २२ मिलिलिटर. लिटर १०५ रुपयांना धरलं तर दोन-सव्वादोन रुपये. ८० वरून आलात तर चार रुपये. आणि ४० वरून आलात तर रुपयाच्या आत. जाता-येता असे वीस-पंचवीस अडथळे धरा आणि महिन्याच्या फेऱ्यांनी गुणा.

वाचवायचं कसं? हळू चालवून नव्हे, लांब बघून. गतिरोधक दोनशे-अडीचशे मीटरवर दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की पेट्रोलचा पुरवठा शून्यावर येतो. चाकंच इंजिन फिरवतात. तेवढं अंतर तुम्ही फुकट कापता, आणि ब्रेक लावायला उरतं थोडंच. न्यूट्रल करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल खातं आणि गाडीवरचा ताबाही सैल होतो. इंजिन बंद करून उतारावर सोडणं तर आत्मघातच : दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड.

हेच कौशल्य ऊस हंगामात कामी येतं. दिवाळीनंतर रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू झाल्या की तासाला वीसच्या वेगाने मागे लटकावं लागतं. अशा वेळी पुढे घुसायचं, समोर ट्रक दिसला की ब्रेक, परत घुसायचं, हा खेळ पेट्रोलही खातो आणि जीवही. चार गाड्यांचं अंतर ठेवून मागे राहा, दुसरा गिअर तयार ठेवा, आणि रस्ता खरंच मोकळा दिसला की एकदाच, पूर्ण ताकदीने, स्वच्छ ओव्हरटेक करा. तिथे कंजुषी नको. त्या एका ओव्हरटेकला चार-पाच रुपयांचं पेट्रोल जाईल. गाडी घेतली ती त्याचसाठी.

गिअर, वेग, घाट

टर्बो गाडी चालवताना साध्या, बिनटर्बो इंजिनाची सवय मोडावी लागते. एन लाइनचा १७२ न्यूटनमीटरचा जोर दीड हजार फेऱ्यांवरच हाताशी येतो, अल्ट्रोझ रेसरचा १७० चा साडेसतराशेवर. म्हणजे रोजच्या चालवण्यात दोन हजारापलीकडे इंजिन ओढण्याचं कारण नाही. दीड-पावणेदोन हजाराला वरचा गिअर टाका. पन्नास-साठला चौथा किंवा पाचवा, ऐंशीला सहावा. गाडीला स्पोर्ट मोड असेल तर तो ओव्हरटेकच्या रस्त्यासाठी राखा. गावात तो लावून फिरणं म्हणजे फक्त आवाज.

पण याचा अतिरेकही नको. वरच्या गिअरात अकराशे-बाराशे फेऱ्यांवर गाडी कुथत असताना पाय खोल दाबला, तर छोट्या टर्बो इंजिनात स्फोट वेळेआधी होण्याचा धोका असतो. पिस्टनला ते सोसत नाही. चढावर गाडी अडली की एक गिअर खाली उतरा. पेट्रोल वाचवायच्या नादात इंजिनाचं काम काढू नका.

हायवेवरचा सगळ्यात मोठा खर्च वाऱ्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर तो दीडपटीहून जास्त. पेट्रोलमध्ये त्याचा परिणाम सपाट रस्त्यावर साधारण पाचव्या हिश्शाची वाढ असा दिसतो. आष्टी-नगर साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये गावं आणि ट्रॉल्या धरता त्या शंभराने हाताशी फार तर पाच-सात मिनिटं येतात. पुण्याला जाताना शिरूरपुढे शिक्रापूर-वाघोलीच्या वाहतुकीत ती मिनिटं कुठे जातात ते सांगायला नको.

जामखेडपुढे सौताड्याचा घाट किंवा सावरगावच्या मच्छिंद्रनाथ गडाचा, मायंब्याचा चढ. तिथे पडद्यावरचा आकडा पाच-सहावर येतो आणि लोक घाबरतात. घाबरू नका. एवढ्या वजनाची गाडी शंभर मीटर उंच चढवायला दीडशे मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, ते कुणालाच चुकत नाही. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवलीत तर त्यातलं बरंचसं परत मिळतं, कारण तेव्हा इंजिन काहीच पीत नाही. घाटाचं ॲव्हरेज चढ-उतार मिळून बघावं.

उन्हाळा आणि एसी

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी आतून भट्टी होते आणि एसीला पहिली दहा मिनिटं पूर्ण ताकद लावावी लागते. गाडी लिंबाखाली लावा. निघताना चारही दारं उघडून तापलेली हवा बाहेर काढा, काचा खाली ठेवून पहिला अर्धा किलोमीटर जा, मग काचा लावून एसी सुरू करा आणि आतलीच हवा फिरती ठेवा. २४-२५ वर ठेवलेला एसी १८ वर ठेवलेल्यापेक्षा कमी खातो. गावातल्या वेगात काचा उघड्या चालतात. सत्तर-ऐंशीच्या वर उघड्या काचांचा वारा एसीइतकाच महाग पडतो, वर धूळ.

ई-ट्वेंटीचं काय?

गेल्या काही वर्षांत ॲव्हरेज उतरल्याची तक्रार सगळीकडे आहे आणि ती अगदीच निराधार नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. गणित केलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के आणि आधीच्या दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या धाटणीच्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि ई-ट्वेंटीसाठी जुळवलेल्या गाड्यांना एक-दोन टक्के फटका बसेल असा अंदाज दिला होता. म्हणजे पंधराची गाडी साडेचौदावर आली तर ते इथेनॉलच्या खाती टाकता येईल. पंधराची अकरावर आली तर नाही.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई-ट्वेंटीसाठी बनलेल्या आहेत. जुनी पोलो, अबार्थ किंवा बलेनो आरएस हौसेने सांभाळत असाल तर मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणामागे काय लिहिलंय ते बघा, आणि सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या, गॅस्केट तपासायला सांगा. जादा ऑक्टेनचं महागडं पेट्रोल ॲव्हरेज वाढवण्यासाठी भरत असाल तर थांबा; कंपनीने किमान ऑक्टेन ९१ लिहिला असेल तर लिटरमागचे जादा रुपये क्वचितच वसूल होतात. जाता जाता : यातलं काही इथेनॉल ज्या उसातून येतं, तो तोडायला दर हिवाळ्यात आष्टी-पाटोद्यातूनच टोळ्या निघतात. त्यांनी तोडलेला ऊस वर्षभरात आपल्याच टाकीत येतो, पण त्यांच्या मजुरीचा हिशोब कुठल्याच पंपाच्या मीटरवर दिसत नाही.

हवा आणि बाकीचं

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघावी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब एका पीएसआयने उतरतो, म्हणून मे महिन्यात बरोबर असलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरते. पंपापर्यंत गाडी चालवत नेली की टायर तापून दाब तीन-चारने जास्त दिसतो; तो बघून हवा सोडू नका. चांगला गेज विकत घ्या, दोन-चार लिटर पेट्रोलच्या पैशात येतो. कमी हवेचा टायर पेट्रोलही खातो आणि आपल्या खड्ड्यांत रिमही वाकवतो.

स्पोर्टी मॉडेलला कंपनीच सोळा इंची चाकं देते. त्यावर आणखी सतरा इंची, रुंद टायर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. दिसायला झकास, पण वजन वाढतं, घर्षण वाढतं, आणि टायरचा घेर बदलला तर किलोमीटरचा मीटरही चुकतो. मग ॲव्हरेज खरंच घटलं की नुसतं कागदावर, तेही कळत नाही. रस्त्याकडेच्या दहा किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघा.

धुळीचं गाव म्हणून एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढेल असं सांगतात. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तर जोर कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. तरी टर्बोच्या नाकात धूळ जायला नको म्हणून तो वेळेवर बदलाच. तेल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं टाका. ‘जाड तेल इंजिनाला चांगलं’ हा सल्ला या इंजिनांना लागू नाही. डिकी रिकामी करा.

आणि नगरला एकट्याचंच काम असेल तर सप्टेंबर २०२२ पासून न्यू आष्टीहून रेल्वेही धावते, सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत पोचली आहे. वेळ जुळली तर तिच्या तिकिटाशी कुठलीच हॅचबॅक बरोबरी करू शकत नाही.

एवढं करूनही वहीतला आकडा एखाद्या महिन्यात पंधरा टक्क्यांहून जास्त घसरला, आणि फेऱ्या त्याच असतील, तर क्रमाने बघा. आधी हवा. मग पाचेक किलोमीटर शांतपणे चालवून, ब्रेक फारसा न लावता थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका अंगाला जाते का, म्हणजे अलाइनमेंट. थंड गाडीचा तापमानाचा काटा मध्यावर यायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो का? तसं असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा आणि इंजिन कायम गारठ्यात पितंय. पिवळा इंजिनाचा दिवा लागला असेल तर ऑक्सिजन सेन्सरपासून काहीही असू शकतं, ते मशीन लावूनच कळतं. तेव्हा सर्व्हिस सेंटरला जा, आणि ‘ॲव्हरेज देत नाही’ असं मोघम न सांगता ती वहीच मेकॅनिकपुढे ठेवा : कुठली फेरी, आधी किती, आता किती.